खिडकीला काय म्हणतात

डोळ्यांत थेंब घालून तिला बाहेरच्या बाकावर बसवलं होतं. बाहुल्या मोठ्या व्हायला वेळ लागतो, तोवर डोळे मिटून स्वस्थ बसा, असं दवाखान्यातली बाई सांगून गेली होती. ती स्वस्थ बसली होती. पापण्यांआड तांबूस अंधार, थेंबांची कडू चव घशाशी उतरलेली, फरशीवर घासत जाणाऱ्या कुणाच्या तरी चपला, पंख्याची कुरकुर. आणि एकदम शेजारच्या बाकावरून तिचाच आवाज आला. "शाब्बास. आता पुढचं चित्र बघ. हे काय आहे?" तिने दचकून ओठांना हात लावला. ओठ मिटलेलेच होते.

आवाज शहराच्या भाषेत बोलत नव्हता. डोंगरापलीकडच्या खोऱ्यातली ती भाषा होती, जिथून ती लहानपणी आईचं बोट धरून निघाली आणि जिथे पुन्हा कधी गेली नाही. ती भाषा आता ती एकाच जागी बोलायची. एका कचेरीच्या मागच्या अंगाला, भिंतींना फोम लावलेल्या कोंदट खोलीत, मायक्रोफोनसमोर. खोऱ्यात पुन्हा गोळीबार सुरू झाला, माणसं पुन्हा घरंदारं सोडून निघाली आणि त्यांतली बरीचशी या शहरात येऊन थबकली, तेव्हा टॅबलेटवरचे धडे बनवणाऱ्या एका कंपनीने ठरवलं की त्यांच्या मुलांना आधी त्यांच्याच भाषेत वाचायला शिकवायचं, मग शहराच्या. कल्पना चांगली होती. भाषा येणारं माणूस मात्र मिळेना. शोधत शोधत ते एका वाचनालयात पुस्तकांना कव्हरं घालत बसलेल्या हिच्यापर्यंत येऊन पोचले. "तुम्ही आम्हाला देवासारख्या भेटलात," कंपनीची प्रमुख म्हणाली होती. प्रमुख वयाने हिच्याहून कितीतरी लहान, पण सगळे तिला मॅडम म्हणायचे म्हणून हीही म्हणायची. काचेपलीकडे कानांवर हेडफोन चढवून रेकॉर्डिस्ट बसायचा. त्याला त्या भाषेतलं ओ की ठो कळत नव्हतं. "पण ताई, तुम्ही बोलायला लागलात ना, की मला अशी छान झोप येते," तो म्हणायचा. इतक्या वर्षांत तिच्या भाषेचं कुणी केलेलं ते एकमेव कौतुक होतं, आणि ते तिने मनापासून घेतलं होतं.

शेजारच्या बाकावर टॅबलेट घेऊन बसलेल्या कुणा लहान मुलीने काहीतरी उत्तर दिलं. टॅबलेट क्षणभर गप्प राहिला, मग हिचा आवाज अगदी मधात बुडवल्यासारखा म्हणाला, "पुन्हा प्रयत्न कर." हे वाक्य मॅडमनी तिच्याकडून किती वेळा म्हणवून घेतलं होतं! अजून प्रेमाने म्हणा, मूल दुखावलं जाता कामा नये. मुलीने तेच उत्तर पुन्हा दिलं, जरा मोठ्याने. "पुन्हा प्रयत्न कर." मुलगी आता जवळजवळ ओरडली. "अगं खिडकीच आहे ही! खिडकी! आई असंच म्हणायची." त्यावर एक पुरुषी आवाज हळूच म्हणाला, "म्हणते. म्हणायची नाही, माऊ. म्हणते."

हिला कोडं उलगडलं. खिडकीला तिची आई जो शब्द वापरायची तो लांबलचक होता, फोड करून सांगायचा तर ‘भिंतीचा डोळा’. तोच तिने रेकॉर्ड केला होता. मुलगी म्हणत होती तो शब्द अगदी आखूड, एका झटक्यात संपणारा. तो हिने जन्मात ऐकला नव्हता. "जाऊ दे गं," पुरुष म्हणाला. "म्हातारी बाई आहे ती, जुनं बोलते. माझी आजी बोलायची ना, तस्सं. ती सांगते तसं म्हणून टाक, म्हणजे पुढे जाईल." "मग आईचं चुकलं का?" मुलीने विचारलं. हिने डोळे उघडले. सगळीकडे पांढरंशुभ्र धुकं, त्यात एक मोठा तपकिरी डाग आणि त्याला टेकलेला एक छोटा निळा डाग. हिने बोलायला तोंड उघडलं. माझं चुकलं, आईचं नाही, एवढंच म्हणायचं होतं, आणि तेही येत असलेल्या भाषेत. पण पहिला शब्दच सापडेना. मायक्रोफोन नसताना ती भाषा बाहेर काढायची सवयच उरली नव्हती. तेवढ्यात दवाखान्यातल्या बाईने दंडाला धरून तिला आत नेलं. तपासणी झाली, चष्म्याचा नंबर वाढला होता. बाहेर आली तेव्हा बाक रिकामा होता.

रस्त्यावर ऊन डोळ्यांत मावेना. ती भिंतीच्या कडेकडेने, कपाळावर हात धरून चालत राहिली. दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरं फुगून एकमेकांत मिसळली होती, आणि तिला वाटलं, या पाट्या पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा त्या अशाच दिसत असतील. म्हातारी. गंमत आहे, ती मनाशी म्हणाली, अजून केससुद्धा नीट पिकले नाहीत. पण हसू आलं नाही. तिला आठवला तो रेडिओ. खोऱ्यातून आल्यावर त्यांना एका बंद पडलेल्या गिरणीच्या गोदामात ठेवलं होतं, आणि तिथे फळीवर एक रेडिओ होता. दुपारी त्यावर शहराच्या भाषेचे धडे लागायचे. सगळी मुलं खाली मांडी घालून बसायची. रेडिओतली ताई विचारायची, हा कोणता रंग आहे बरं? मग थांबायची. मुलं ओरडून उत्तर द्यायची. मग ताई म्हणायची, शाब्बास! त्या शाब्बासकीसाठी ती दिवसभर जीव टाकायची. ताईचा चेहरासुद्धा तिने ठरवून टाकला होता, हसरा, हनुवटीवर तीळ असलेला. एकदा सगळी मुलं तापाने पडली होती आणि रेडिओपुढे ती एकटीच बसली होती. तिच्या मनात काय आलं कोण जाणे, ताईने रंग विचारला तेव्हा तिने मुद्दाम भलतंच सांगितलं. ताई म्हणाली, शाब्बास! त्या दुपारी गोदामात तिला जितकं एकटं वाटलं तितकं त्यानंतर आईला पोचवून आल्यावरच वाटलं. कुणी ऐकत नव्हतं. कधीच कुणी ऐकलं नव्हतं. आणि आता ऐकणारं यंत्र निघालं होतं, कान देऊन ऐकणारं, उत्तर तपासणारं, आणि त्यात बसून ती स्वतः एका मुलीला, तिच्या आईचा शब्द बरोबर असताना, प्रेमाने, अजून प्रेमाने सांगत होती की चूक.

घरी नवरा पायजमा वर खोचून गळक्या नळाशी झटत होता. "काय म्हणाले डॉक्टर?" "नंबर वाढलाय." "तो वाढणारच." मग तिने बाकावरची गोष्ट सांगितली. शहराच्या भाषेत सांगताना ती फारच किरकोळ वाटली, एका शब्दाची गोष्ट. नवऱ्याने पाना बाजूला ठेवून नीट ऐकून घेतली. माणूस मायेचा होता. "अगं पण एका शब्दाने काय आभाळ कोसळतंय? बोलायचं होतंस तिच्याशी, तिथल्या तिथे." "जमलं नाही." "बरं, ऑफिसात काही बोलू नकोस. उगाच तुलाच घरी बसवतील. त्या कामाने तुला किती बरं वाटतं, मी बघतो ना." मुलगा कानात इयरफोनची बोंडं घालून शेजारून गेला, आईने काहीतरी म्हटलंसं वाटून त्याने एक बोंड काढलं, "काय?" म्हणाला, आणि उत्तराची वाट न बघता परत घातलं. त्याला ती भाषा शिकवायची असं तिने तो पाळण्यात असताना ठरवलं होतं. पण घरात ती बोलणाऱ्या दोघीच, ती आणि आई, आणि दोघी बोलायला लागल्या की नवरा बिचारा पाहुण्यासारखा हसत बसायचा. मग त्या आईच्या खोलीत, दार लोटून बोलायच्या. तिथे पलंगावर बसून आई उशीची खोळ सारखी करायची आणि तेच तेच सांगायची, ओढा, शेजारीण, दार, भिंतीचा डोळा. आई गेल्यावर तिने त्या खोलीत शिलाईचं मशीन ठेवलं. भाषा आपण जपली असं ती धरून चालली होती. दोन बायकांनी लोटलेल्या दाराआड जपली. तिथे खोऱ्यात मात्र माणसं भांडत होती, लग्नं जुळवत होती, पोरांवर ओरडत होती, शेजारच्या मुलखातले शब्द उचलून आणत होती, लांब शब्द तोडून आखूड करत होती, आणि हे सगळं या दोघींना कुणी कळवलं नव्हतं. कळवणार तरी कोण?

दुसऱ्या दिवशी ती मॅडमच्या केबिनमध्ये गेली. नवऱ्याचं म्हणणं जिन्यापर्यंत तिच्याबरोबर होतं. ही रेकॉर्डिंगची खोली गेली तर बोलायचं कुठे, हा एकच विचार पायऱ्या चढताना तिच्या मागे मागे येत होता. मॅडमनी ऐकलं, भुवया उंचावल्या आणि कॉम्प्युटरचा पडदा तिच्याकडे वळवला. पडद्यावर रंगीत रेघा होत्या. "म्हणजे बघा, इथे, घरातल्या वस्तूंच्या धड्यावर सगळी मुलं अडकतात. आम्हाला वाटलं, मुलं घर सोडून आलीत, घराची चित्रं बघून अस्वस्थ होत असतील. म्हणून आम्ही या धड्याआधी दीर्घ श्वासाचा व्यायाम टाकला." मॅडम खरंच काळजीने बोलत होत्या. "मुलं बरोबर सांगताहेत," ती म्हणाली. "चुकतेय मी." "पण तुम्ही तर तिथल्याच ना?" "होते." मॅडम काही वेळ पेन चावत राहिल्या. "मग आता तपासून कोण देणार? तुमच्याशिवाय आमच्याकडे आहे कोण?" तिला क्षणभर मोह झाला. हेच वाक्य तिला हवं होतं, इतकी वर्षं कुणीतरी म्हणावं असं, आणि आता ते असं टेबलावर आयतं पडलं होतं. नुसतं गप्प बसलं तरी पुरे होतं. "निवाऱ्यात खोऱ्यातली शेकडो माणसं आहेत मॅडम," ती म्हणाली. "त्यांना कुणी विचारलंच नाही."

निवारा म्हणजे फर्निचरचं एक जुनं शोरूम होतं. काचांना आतून चुना फासलेला. पलंग, कपाटं कधीच गेली होती, पण छताला टांगलेल्या पाट्या कुणी काढल्या नव्हत्या. ‘दिवाणखाना’ या पाटीखाली चादरींचे आडोसे करून चार-पाच कुटुंबं राहत होती, ‘शयनगृह’ खाली दवाखान्याचं टेबल मांडलं होतं, ‘मुलांची खोली’ खाली ओल्या कपड्यांच्या दोऱ्या. ती दारातच थबकली. तिच्या कानांवर एकाच वेळी सगळीकडून ती भाषा आली. वाटेल तशी, सांडलेली, बादल्यांच्या आवाजात मिसळलेली. इतक्या माणसांच्या तोंडी तिने ती गोदामानंतर ऐकली नव्हती. आणि तिला अर्धीच कळत होती. शब्द ओळखीचे वाटेपर्यंत पुढे निघून जात होते. तिने मनात वाक्य जुळवलं, दोनदा घोकलं, आणि म्हणाली, "मी धड्यांसाठी आलेय. टॅबलेटवरचा आवाज माझा आहे."

बादल्यांचा आवाज थांबला. एका चादरीआडून निळा फ्रॉक घातलेली एक मुलगी टॅबलेट छातीशी धरून बाहेर आली. तिने टॅबलेटकडे पाहिलं, तो बंद होता. उलटा करून पाहिला, कान लावला. मग हिच्यापुढे येऊन उभी राहिली आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "तू बाहेर कशी आलीस?" सगळा निवारा हसला. हीसुद्धा हसली, आणि हसताना तिच्या लक्षात आलं की आवाज ओळखीचा आहे. मागोमाग तपकिरी सदऱ्यातला बाप आला, ट्रकच्या इंजिनावर काम करणारा, नखांत काळं बसलेला. "बसा, बसा. आम्हाला वाटलं होतं, कुणी आजीबाई असतील," तो म्हणाला. दवाखान्यातल्या बाकाचं तिने काही सांगितलं नाही.

तिने चित्रं काढून एकेक पुढे धरायला सुरुवात केली. भांडं, दार, चूल, झाडू. बायका गोळा झाल्या. खोऱ्याच्या वरच्या अंगाच्या बायका एक म्हणायच्या, खालच्या अंगाच्या दुसरं, आणि दोघी मिळून हिच्या शब्दाला हसायच्या. हसण्यात वाईट काही नव्हतं. लांबच्या आत्तेआजीने जुना उखाणा घ्यावा आणि नातसुनांनी पदर तोंडाला लावावा, तसं ते हसणं होतं. "तुम्ही कोणत्या गावच्या?" एकीने विचारलं. तिने गावाचं नाव सांगितलं. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मग माऊची आत्या, जी खोऱ्यात नर्स होती आणि आता ‘शयनगृह’ पाटीखालच्या टेबलाशी बसायची, तिने सरळ सांगून टाकलं, "तिथे आता गाव नाही हो. फक्त लष्कराची चौकी आहे. खूप वर्षं झाली." "असं का," ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार? एखाद्याच्या मरणाची बातमी ते माणूस आठवेनासं झाल्यावर यावी, तसं काहीसं झालं. आईला हे माहीत असेल का? की माहीत असूनच ओढा, दार, शेजारीण चालायचं?

माऊने चित्रांतलं एक उपसून तिच्या नाकासमोर धरलं. "याला काय म्हणतात सांग." तिने तो आखूड शब्द म्हटला. तोंडात तो दुसऱ्याच्या चपलेसारखा वाटला. माऊने मान तिरकी करून तो ऐकला आणि पसंत केला. मग म्हणाली, "मग तुझा तो लांब शब्द चूक आहे?" "चूक नाही. माझी आई तसं म्हणायची." माऊ बापाकडे बघत राहिली. बाप खाली बघून नखातलं काळं काढत होता. या वेळी त्याने कुणाला दुरुस्त केलं नाही. माऊ जराशाने हिला अगदी खेटून बसली आणि चित्रं पुढे सरकली.

त्यानंतर सगळं सोपं झालं, म्हणजे कंपनीच्या दृष्टीने. शब्द पुन्हा ठरले, जिथे दोन होते तिथे यंत्र दोन्ही मान्य करू लागलं. आवाज कुणाचा घ्यायचा असा प्रश्न निघाला तेव्हा तिनेच सांगितलं की माऊच्या आत्याचा घ्या. "आणि तुम्ही?" मॅडमनी विचारलं. "मी काचेपलीकडे बसते. ती रुळेपर्यंत." नवऱ्याने हे ऐकलं आणि त्या संध्याकाळी तिला न सांगता शिलाईच्या मशीनला तेल घातलं. रेकॉर्डिस्टच्या शेजारची खुर्ची तिच्या नेहमीच्या खुर्चीहून उंच होती, पाय जमिनीला पुरते टेकत नव्हते. काचेतून पाहिलं की आत आत्या दिसायची, आणि तिच्या मागे तोच फोम, त्यावर हिच्या डोक्याचा पडलेला तेलकट डाग. आत्या धबाधबा बोलायची. "ही फार भरभर बोलते ताई, डोळा लागत नाही," रेकॉर्डिस्ट कुरकुरला. मग एका वाक्यावर थांबून त्याने विचारलं, "हे बरोबर म्हणाली का?" वाक्यातला एक शब्द तिने कधी ऐकलेला नव्हता. "तिलाच विचार," ती म्हणाली. "मला नाही माहीत." तोंडातून गेल्यावर तिला वाटलं, आता काहीतरी व्हायला हवं. पण रेकॉर्डिस्टने मान हलवली आणि माईकचं बटण दाबून आत विचारलं, इतकंच. मॅडमनी एकदा पडद्यावर एक हिरवा ठिपका दाखवला. तो म्हणजे माऊ, घरातल्या वस्तू ओलांडून आता रस्त्यावरच्या वस्तूंपर्यंत गेलेली. ठिपका जरासा सरकला. ती बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली.

शेवटचा धडा झाला त्या दुपारी तिचं काम संपलं होतं. उद्यापासून यायचं कारण नव्हतं. मॅडमनी फुलं दिली, छान बोलल्या, रेकॉर्डिस्टने ताई येत जा म्हटलं, आणि ते दोघं आपापल्या फोनकडे वळले. ती जिन्याजवळच्या खिडकीपाशी, फुलांचं काय करावं हे न कळून उभी होती. शहर खाली नेहमीसारखं चाललं होतं, माणसं, गाड्या, सिग्नल, आणि त्या सगळ्यांत तिला ओळखणारी भाषा एकही नव्हती. मागून दार वाजलं. आत्या खोलीतून बाहेर आली, हेडफोनने लाल झालेले कान चोळत, घाम पुसत. पिशवीतून एक डबा काढून ती पायरीवरच बसली, झाकण उघडता उघडता मान वर केली, आणि त्या भाषेत, अगदी घाईत, कुणीही कुणालाही विचारावं तसं तिने विचारलं, "जेवलात का?"

तिचं जेवण कधीच झालं होतं. बारालाच झालं होतं, रोजच्यासारखं, एकटीने, गॅलरीत उभ्याने. तिने फुलं कठड्यावर ठेवली. आई गेल्यापासून हा प्रश्न या भाषेत कुणी विचारला नव्हता, आणि त्याचं उत्तर इतक्या आतून आलं की ते खरं की खोटं हे बघायला तिला वेळच मिळाला नाही.

"नाही," ती म्हणाली.

आत्या पायरीवर जराशी सरकली.